काळ्या मातीच्या बागेत पावसाळाभर पाणी साचतं, वाळू टाकून निचरा सुधारेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत घरामागे दोन गुंठ्यांची बाग, माती काळी. जुलै ते सप्टेंबर पाणी हटत नाही, गुलाब गेले, लिंबू पिवळं पडलंय. माळी म्हणतो दोन ट्रॉली वाळू टाकून खणून घ्या. टाकावी का?

नको. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचा वाटा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असतो, आणि ती पाणी प्यायली की फुगणारी. थोडी वाळू मिसळली तर वाळूचे कण एकमेकांना टेकतच नाहीत, चिखलात अडकून बसतात. पाणी जायला वाट तयार होत नाही आणि उन्हाळ्यात वाफा विटेसारखा कडक होतो. खरा फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते. दोन गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट; फूटभर खोलीसाठीच दहा-अकरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू झाली. एवढे पैसे मातीत घालण्यापेक्षा दुसरीकडे लावा.

मातीत काय मिसळायचं हे नंतर बघू. आधी पाणी येतं कुठून आणि जाणार कुठे, ते बघा. मी बंगल्यांच्या बागांची कामं घेतो. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी अर्धं पाणी बागेचं नसतंच, गच्चीचं असतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस झाला तर जवळपास 2300 लिटर पाणी होतं, आणि पन्हाळीचा पाइप नेमका मागच्या अंगणात सोडलेला असतो. तो उचलून रस्त्याच्या गटारीकडे किंवा बोअरच्या पुनर्भरणाकडे न्या. पायाशी पाणी मुरणं काळ्या मातीत घरालाही वाईट, भिंतींना तडे जातात. दुसरं म्हणजे रस्ता. थरावर थर टाकून तो प्लॉटपेक्षा उंच झाला असेल तर रस्त्याचं पाणी फाटकातून आत येतं. तिथे उंबऱ्यासारखा कट्टा घालावा लागेल.

मग खड्डा घ्या, फूटभर रुंद, दीड फूट खोल. हे मे महिन्यात करू नका. तेव्हा भेगा उघड्या असतात, बादलीभर पाणी क्षणात गायब होतं आणि निचरा उत्तम आहे असं वाटतं. चांगले दोन-तीन पाऊस होऊन भेगा मिटल्या की खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि काठीवर खूण करून बघा. तासाला इंचभर उतरलं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी तिथल्या तिथेच असेल तर ती माती पाणी खाली सोडणार नाही, त्याला बाजूनेच वाट द्यावी लागेल.

एका ठिकाणी पहारीने आणखी खोल जाऊन बघा. तीन-चार फुटांवर मुरूम लागला, म्हणजे पहारीला करकर लागायला लागली आणि पिवळसर खडा वर आला, तर तुमचं नशीब. ऑगस्टमध्येही त्या थरात पाणी दिसत नसेल तर मुरमात उतरलेला, खडी भरलेला शोषखड्डा काम करतो. पण नुसत्या काळ्या मातीत शोषखड्डा घेऊ नका, तो हौद होतो. झाडासाठी मोठा खड्डा काढून त्यात मुरूम-वाळू भरण्याचंही तेच: चहूबाजूचं पाणी त्या पोकळ भरावात येऊन बसतं आणि मुळं त्यात सडतात.

मुरूम नसेल तर चर. कंपाउंडच्या आतून, पण भिंतीपासून थोडा लांब, फूट-सव्वा फूट खोल चर काढा आणि गटारीकडे न्या. उतार शंभर फुटांना फूटभर पुरतो. नळी-पातळीने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मापून घ्या, डोळ्यांवर जाऊ नका. छिद्रांचा पाइप गाडून वर खडी टाकायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. फुगलेल्या काळ्या मातीतून पाणी त्या पाइपापर्यंत फार सावकाश येतं, पाइपाच्या आजूबाजूची अरुंद पट्टीच तेवढी कोरडी होते. उघडा चर स्वस्त आणि तुंबला तर दिसतो. शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये मात्र सोडू नका, तो भांडणाचा विषय होतो.

चराची निघालेली माती वाया घालवू नका, तिचे गादीवाफे करा. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने अशाच काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा सरी (इंग्रजीत बीबीएफ) पद्धत बसवली: साधारण एक मीटरचा वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी. आज मराठवाड्यात सोयाबीन त्याच बीबीएफवर पेरतात. बागेत वाफा आठ-दहा इंच उंच करा आणि प्रत्येक सरी चराला जोडा. गुलाब या वाफ्यांवर तगतो.

आता मिसळायचं काय, तर कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत, दरवर्षी थोडं थोडं. जूनमध्ये रिकाम्या वाफ्यात ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडलात तर आणखी चांगलं. धैंचा पाण्यातही उभा राहतो. खणणी वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असतानाच करा. मुठीत गोळा करून अंगठ्याने दाबा: गोळा फुटला तर खणा, अंगठ्याखाली चकाकला तर कुदळ ठेवून द्या. ओल्या मातीवर पाय देणं, हातगाडी नेणं यानेच खालचा थर घट्ट बसतो.

जिप्सम सगळ्यांना लागत नाही. माती चोपण असेल, म्हणजे सोडियम जास्त असेल, तरच त्याचा उपयोग. घरच्या घरी बघायचं तर सुपारीएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ विरघळून तळाशी ढीग झाला आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर जिप्समची गरज नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी दुधाळ-गढूळ असेल तर माती परीक्षण करून घ्या. तुमच्या गावात तर कृषी विद्यापीठच आहे. सामू (pH) 8.5 च्या वर आला की संशय पक्का.

लिंबाचं काम मात्र लगेच करा. पावसाळ्यात त्याचं आळं मोडून टाका, माती खोडाकडून बाहेरच्या बाजूला उताराची करा, पण खोडाला लावू नका. कलमाचा जोड उघडा राहिला पाहिजे. बुंध्यातून डिंक येत असेल तर तो भाग खरवडून बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. एका झाडाला याचा दहावा हिस्सासुद्धा खूप होतो. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी नको.

सगळ्यात सखल कोपऱ्याशी झगडत बसू नका. तिथे कर्दळ, अळू, वाळा लावा. पपई तिथे चुकूनही नको, एक-दोन दिवस मुळाशी पाणी राहिलं की जाते.

ग्लासातलं पाणी गढूळ निघालं तर परीक्षणाच्या अहवालातला सामू आणि सोडियमचा आकडा इथे टाका, जिप्सम किती लागेल ते हिशेब करून सांगतो.