पंचनाम्यात नसलेला हवालदार

"मॅडम, पोलिसात राहून खरा ख्रिस्ती राहता येतं का?"

समुपदेशनाच्या बावीस वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांकडून ऐकलाय की विचारणाऱ्यानं खुर्ची पुढं ओढली की मला अंदाज येतो. शिपाई विचारतात, हवालदार विचारतात, तुरुंगातले रक्षक विचारतात, एकदा एसआरपीएफमधल्या, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलातल्या एका मुलीनं विचारला होता. कुणाला काठी चालवल्याची टोचणी असते, कुणाला आरोपीकडून माहिती काढताना मारलेल्या थापांची. कुणी सरळ म्हणतं, रविवारची उपासना मी शेवटची कधी बघितली तेच आठवत नाही. गणपतीचा बंदोबस्त, वारीचा बंदोबस्त, निवडणूक, आणि नाताळच्या दिवशी चर्चच्याच दारात बंदोबस्त. आत गाणी चालू, हा बाहेर गाड्या लावतोय.

सुरुवातीची काही वर्षं मी या सगळ्यांना बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढून द्यायचे. अधिकारी हा देवाचा सेवक आहे, तो उगीच तलवार बाळगत नाही, वगैरे. माणूस मान डोलवायचा, "बरं वाटलं" म्हणायचा आणि दोन महिन्यांनी तोच चेहरा घेऊन परत यायचा. मी परवानगी देत होते. परवानगी त्याला ठाण्यातूनही मिळालेली होती, लेखी. ही माणसं दुसरंच काही मागत होती, आणि ते मला एका हवालदारानं शिकवलं.

त्याला शमुवेल म्हणू. नाव खरं नाही, गावही सांगत नाही, आणि गोष्टीतल्या बारीकसारीक खुणा मी बदलल्यात. नगर जिल्ह्यातला, चाळिशी ओलांडलेला, अठरा वर्षं नोकरी. त्याला आणलं त्याच्या बायकोनं. "चौदा महिने झाले, यांनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं की ड्युटी होती म्हणतात. मी ड्युटीचा तक्ता बघितलाय, ताई. दोन वेळा ड्युटी नव्हती. हे भिंगारला मावसभावाकडं जाऊन बसले होते." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. थोडक्यात, त्याच्या दोन्ही मंडळ्या त्याच्यावर नाराज होत्या, चर्चमधली आणि घरातली.

पहिल्या भेटीत तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. साहेबांपुढं बसतात तसा. मी झोपेचं विचारलं, दारूचं विचारलं. आणि कमरेला हत्यार असणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी विचारते तेही विचारलं, की स्वतःला संपवावं असं कधी मनात येतं का. हा प्रश्न आडवळणानं विचारू नये असं माझं ठाम मत आहे. तो म्हणाला, "नाही. पण मेलेलं बरं, असं एकदा वाटलं होतं." कधी, असं विचारल्यावर घड्याळाकडं बघून म्हणाला, "नाकाबंदी आहे आठला." आणि गेला.

पुढच्या दोन भेटींत त्यानं मला पोलीस खात्यातल्या रजेचे नियम समजावून सांगितले. मी ऐकून घेतले. बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं तिथून त्यांचं चुकत गेलं. समुपदेशनाचा माझा अर्धा अभ्यासक्रम या एका ओळीत बसतो असं मी विद्यार्थ्यांना सांगते, आणि ते हसतात.

चौथ्या भेटीत तो बोलला. एका वस्तीवरची नऊ वर्षांची मुलगी विहिरीत पडली होती. रात्री साडेदहाचा फोन. विहीर कठडा नसलेली. गळ टाकून काढावं लागलं, बाजेवरून वर घेतलं. गर्दी पार काठापर्यंत आलेली, बॅटऱ्यांचा उजेड डोळ्यांत, आणि मुलीचा बाप पुढं पुढं घुसत होता. शमुवेलनं त्याला दोनदा मागं सारलं. तिसऱ्यांदा कानाखाली मारली.

"ज्या हातानं मारली त्याच हातानं भाकर घ्यायची का मॅडम? प्रभूच्या मेजावर?"

इथं जुन्या सवयीनं माझ्या तोंडाशी तेरावा अध्याय आला होता. गर्दी पांगवणं तुमचं कामच होतं, कठडा नव्हता, तो बापच आत पडला असता. सगळं खरं होतं. मी गिळलं.

"नंतर काय केलंत?"

"नंतर काय, पंचनामा. अकस्मात मृत्यू दाखल केला, बॉडी ग्रामीण रुग्णालयात पीएमला पाठवली, डायरीला नोंद घेतली. पहाटे चारला घरी."

"पंचनामा कुणी लिहिला?"

"मीच."

"त्यात काय होतं?"

आणि त्यानं तो म्हणून दाखवला. चौदा महिन्यांनी, तोंडपाठ. सदर विहीर पूर्व-पश्चिम अमुक फूट, पाण्याची पातळी अमुक, मयताच्या अंगात पिवळ्या रंगाचा फ्रॉक, उजव्या हातात काळा दोरा, पायात चप्पल एकच. आवाजात काही नाही. दुकानदार यादी वाचतो तसा.

मी विचारलं, "यात तुम्ही कुठं आहात?"

तो गोंधळला. "मी कशाला असेन? पंच असतात त्यात. पंचांसमक्ष. आपण फक्त लिहून घ्यायचं."

घरी जाताना रिक्षात मी याच वाक्यावर अडकले. या माणसानं अठरा वर्षांत किती मृतदेहांचे पंचनामे लिहिले असतील. फाशी घेतलेले, रेल्वेखाली आलेले, जळालेले. प्रत्येक कागदावर विहिरीचं माप आहे, कपड्यांचा रंग आहे, आणि लिहिणारा हजर असून गैरहजर. आम्ही चर्चवालेही त्याला तेच सांगत आलो होतो: पापाची कबुली दे आणि मोकळा हो. पण त्यानं जे नुसतं *पाहिलं* त्याची कबुली कशी देणार? तो पिवळा फ्रॉक काही त्याचं पाप नव्हता. चौदा महिने तो पाप आणि दुःख एकाच गाठोड्यात बांधून फिरत होता. गाठोडं जड आहे म्हणजे सगळं पापच असणार, असा त्याचा हिशेब.

(हे मला तेव्हा सुचलं याचा मला आजही आनंद आहे, ते लपवत नाही. आमच्या मंडळ्यांत पश्चात्तापाची प्रार्थना सगळ्यांना येते. "हे परमेश्वरा, किती काळ?" अशी तक्रार करणारी कितीतरी स्तोत्रं पवित्र शास्त्रात आहेत, ती मात्र आम्ही वाचतो कमी आणि प्रार्थनेत म्हणतो त्याहून कमी.)

पाचव्या भेटीत मी त्याच्यापुढं फुलस्केप ठेवला. "त्याच रात्रीचा पंचनामा पुन्हा लिहा. फक्त या वेळी हवालदार पण लिहा. तो कुठं उभा होता, त्यानं काय केलं, सगळं. तुमच्याच भाषेत, सदर आणि मयत सकट."

तो हसला. पहिल्यांदाच. मग लिहायला लागला, आणि पाऊण तास मान वर केली नाही. अक्षर सुरेख, ठाण्यात पंचनाम्यांना यालाच का बसवत असतील ते कळलं. विहीर, पाणी, गळ, बाज. "सदर हवालदार यांनी मयताचे वडिलांस उजव्या हाताने चापट मारली." पेन थांबलं. मग पुढं एक ओळ आली, आणि ती लिहिताना त्याचा हात इतका हलत होता की अक्षर ओळीखाली घसरलं:

"सदर हवालदार यांनी स्वतःचे अंगातील जर्किन काढून मयताचे अंगावर घातले, कारण तिला थंडी वाजत असेल असे वाटले."

कागद तसाच ठेवून तो रडला. बराच वेळ. मी पाण्याचा तांब्या सरकवला, दुसरं काही केलं नाही. मग तो म्हणाला, "हे मी विसरलोच होतो. जर्किन दवाखान्यात राहिलं. बायकोला सांगितलं, हरवलं."

मी त्या दिवशी एकच वचन वाचलं. फिलिप्पैतला तुरुंगाचा अधिकारी, प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. भूकंपानंतर तो तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघाला होता. कैदेत असलेला प्रेषित पौल ओरडला, असं करू नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. त्याच रात्री त्या अधिकाऱ्यानं कैद्यांच्या फटक्यांच्या जखमा धुतल्या. शमुवेल म्हणाला, "ड्युटीवर असतानाच की." हो, ड्युटीवर असतानाच.

त्यानंतर आम्ही गाठोडं सोडलं. एका बाजूला चापट. ती त्याची होती, तिला मी हलकं केलं नाही. दुसऱ्या बाजूला फ्रॉक, काळा दोरा, एक चप्पल, आणि आधीच्या अठरा वर्षांतलं बरंच काही. या दुसऱ्या बाजूसाठी क्षमा मागायची नाही. ते देवापुढं मांडायचं आणि हवं तर भांडायचं.

चापटेचं काय, यावर मात्र त्याची न् माझी जुंपली. मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण वेदीपुढं तसंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. तो म्हणाला, "माफी मागायला गेलो आणि त्यानं अर्ज केला तर? चौकशी लागेल." मी म्हटलं, लागेल. तो त्याचा हक्क आहे. यावर तो दोन आठवडे आलाच नाही. मला वाटलं, गमावला. मग फोन आला की ठाण्यातल्या साहेबांच्या कानावर घातलंय, साप्ताहिक सुट्टीला जातोय, साध्या कपड्यांत.

ज्यांच्या घरात किंवा मंडळीत कुणी खाकी घालतं, त्यांच्यासाठी थोडं, कारण हे वाचणाऱ्यांत तेच जास्त असतील.

पोलिसाला "नोकरी सोड" किंवा "ड्युटी म्हणजेच भक्ती" यातलं एक ऐकवून मोकळे होऊ नका. शिपायांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारलं होतं, आम्ही काय करावं? लूक, तिसरा अध्याय. त्यानं राजीनामा मागितला नाही. जुलमानं पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधानी राहा, एवढंच सांगितलं. आजही ठाण्यात या तिन्ही गोष्टी पाळणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते हे त्याच्या बायकोला विचारा. आणि कफर्णहूमचा तो शताधिपती, रोमी सैन्यातला शंभर शिपायांवरचा अधिकारी: मीही दुसऱ्याच्या हुकमाखाली आहे, माझ्या हाताखालीही शिपाई आहेत, एकाला जा म्हटलं की जातो. नुसता शब्द बोल, म्हणाला तो येशूला. हे वाक्य हवालदाराइतकं कुणाला कळत नाही. त्याला समजावायला जाण्याऐवजी कधी बायबल-वर्गात त्यालाच यावर बोलू द्या.

पाळकांना माझी जुनी विनंती आहे: रविवार हा पोलिसांच्या हातात नसतो. प्रभुभोजन आजाऱ्याच्या खाटेपाशी नेता, तसं पोलीस लाइनीतही न्या. घरच्यांना सांगते, तो घरी आल्यावर "आज काय झालं?" असं विचारू नका, उत्तर "काही नाही" येणार. आधी जेवू द्या. झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, मरणाचं बोलणं येत असेल तर प्रार्थना चालू ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, रात्रीही लागतो. गोळ्या घेतल्यानं विश्वास कमी होत नाही, हे मला दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागतं.

शमुवेल वस्तीवर गेला होता. मुलीचा बाप ओट्यावर बसलेला होता. यानं जे बोलायचं ते बोलून टाकलं. बाप काहीच बोलला नाही. माफ केलं असंही नाही, चालता हो असंही नाही. बऱ्याच वेळानं आत हाक मारून त्यानं पाणी मागवलं. विहिरीला आता कठडा बांधलाय, तो त्यानं नेऊन दाखवला. तक्रार आजतागायत झालेली नाही. पुढं होणार नाही असं मी शमुवेलला कधी म्हटलेलं नाही.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेब प्रभुभोजनाची छोटी पेटी घेऊन लाइनीतल्या त्याच्या खोलीवर गेले. बायको, दोन पोरं आणि शेजारच्या खोलीतले शिंदे हवालदार, जे चहाला म्हणून आले आणि चपला काढून दाराशीच बसून राहिले. शमुवेल रात्रपाळीला निघायच्या तयारीत, पूर्ण वर्दीत.

"वर्दी काढू का?" त्यानं विचारलं.

"राहू द्या," पाळकसाहेब म्हणाले. "टोपी तेवढी बाजूला ठेवा."

हे मला त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं. शिंदेंचा चहा गार झाला होता, तो तिनं पुन्हा गरम केला म्हणे.