नागपूरचा दैनिक अहवाल आणि घाटावरची नोंद

एप्रिल २०२१ मध्ये नागपूरच्या दैनिक अहवालातील कोरोना मृत्यू आणि मोक्षधाम, मानेवाडा यांसारख्या घाटांवरील अंत्यसंस्कार यांचा मेळ बसत नव्हता, तेव्हा प्रशासनाने आकडे दडवले असे समजावे काय, असे आपण विचारले आहे. काहीच दडवले गेले नाही अशी हमी मी देणार नाही. परंतु या दोन नोंदी मुळातच वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

नागपूरच्या दैनिक अहवालात मृत्यूंचे शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरील असे तीन रकाने असत. मेडिकल आणि मेयो या नागपुरातील सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदियापासून थेट बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. त्यांतील कोणी येथे दगावला, तर अहवालात तो तिसऱ्या रकान्यात जाई आणि अंत्यसंस्कार मात्र बहुधा नागपुरातच होत. शिवाय घाटाच्या वहीत इतर आजारांनी, वार्धक्याने गेलेलेही असतात. केवळ शहराचा रकाना घेऊन घाटाशी ताडून पाहणाऱ्याला तफावत दिसणारच.

याहून अवघड प्रश्न चाचणीचा आहे. दैनिक आकड्यात येण्यासाठी पॉझिटिव्ह अहवाल लागे, आणि अँटिजेन चाचणीत बाधित व्यक्तीही निगेटिव्ह येऊ शकते. आमच्या नात्यातील एक काका भंडारा जिल्ह्यातील तुमसरहून येथे आणले गेले. अँटिजेन निगेटिव्ह, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसे भरलेली, आणि आरटी-पीसीआरचा नमुना घेण्यापूर्वीच ते गेले. मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशांसाठी, म्हणजे चाचणीने सिद्ध न झालेल्या संशयितांसाठी, यू०७.२ हा स्वतंत्र संकेतांक आहे (सिद्ध झालेल्यांसाठी यू०७.१). कागदावर सोय होती. रोजच्या आकड्यात काका नव्हते.

तारखांचेही तसेच. जून २०२० मध्ये राज्याने फेरतपासणीनंतर आधीचे १,३२८ मृत्यू एकाच दिवशी एकूण आकड्यात मिळवले. आलेखात तो दिवस भयंकर दिसतो, पण ती माणसे त्या दिवशी गेलेली नव्हती. सोमवारी रुग्ण ‘घटत’, कारण रविवारी नमुने कमी घेतले जात. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

मग भरवसा कशावर ठेवावा? माझ्या मते, कारण बाजूला ठेवून एकूण मृत्यूंच्या नोंदणीवर. देशात २०१९ मध्ये सुमारे ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १.०२ कोटी मृत्यू नोंदले गेले. ही सगळी वाढ कोरोनाची म्हणता येत नाही, कारण त्याच काळात नोंदणीचे प्रमाणही वाढत होते; तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी ४७ लाख अतिरिक्त (म्हणजे एरवी अपेक्षित असलेल्यांपेक्षा जास्तीच्या) मृत्यूंचा अंदाज दिला आणि केंद्र सरकारने त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, त्या वादाकडे पाहताना अधिकृत ४.८ लाख कोरोना मृत्यूंच्या जोडीला ही नोंदणी समोर ठेवावी लागते.

नागपूरपुरते पाहायचे असेल, तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडे माहिती अधिकारात २०१८ ते २०२१ ची महिनावार संख्या मागावी. अर्ज करताना मृताच्या कायम पत्त्यानुसार विभागणी अवश्य मागा, कारण मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथेच होते आणि तुमसरचे काका तेथेही नागपूरच्याच संख्येत मोजलेले असतील.