वाचकांचे प्रश्न : दहाएक पुस्तकांचा माणूस एवढा मोठा काहून?

प्रश्न : नमस्कार ताई. माहा पोरगा नागपूरले एम.ए. करते. मागच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी संदेशात सांगितलं का त्या काळचे यहुदी कर्मं मोजून स्वर्ग कमवायले पाहत होते, बायबलात ज्याची पत्रं आहेत त्या पौलाने ते खोडून काढलं. घरी आल्यावर पोरगा म्हणे, बाबा, ई. पी. सँडर्स नावाच्या अभ्यासकाने ही समजूत कधीच मोडीत काढली. मी मोबाईलवर पाह्यलं तं त्याची जेमतेम दहाएक पुस्तकं. इकडे पोराच्या कॉलेजातल्या एका सरांचे म्हणे शंभराच्या वर पेपर आहेत. मग हा माणूस एवढा मोठा काहून?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पेपर मोजायची सवय सायन्सवाल्यांकडून आली. तिथे पाच-सात जण मिळून चार पानांचा पेपर काढतात, बायबलच्या अभ्यासात मात्र एकटा माणूस वर्षानुवर्षं हिब्रू, ग्रीक, अरामी वाचत बसतो आणि मग एक जाडजूड पुस्तक येतं. त्यामुळे इथे आकडा पाहूच नका. पाहायचं ते हे, की त्या पुस्तकानंतर बाकीच्यांना आपलं लिखाण बदलावं लागलं का.

सँडर्स मूळचे टेक्सासचे, जन्म 1937 चा. कॅनडात मॅकमास्टर, मग ऑक्सफर्ड, मग अमेरिकेत ड्यूक अशा युनिव्हर्सिट्यांमध्ये शिकवलं, 2022 मध्ये वारले. 1977 साली त्यांचं ‘पॉल अँड पॅलेस्टिनिअन ज्युडाइझम’ आलं. नावात पौल पहिला, पण पुस्तक उघडलं की चारशेच्या आसपास पानं नुसते यहुदी ग्रंथ, म्हणजे रब्बींचं (यहुदी धर्मगुरूंचं) जुनं साहित्य, मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्या, बायबलबाहेरचे ग्रंथ, आणि हे सगळं झाल्यावर कुठे पौल येतो. मला तर या मांडणीतच त्यांचा सगळा मुद्दा दिसतो. तोवर बरेच अभ्यासक पौलाची पत्रं वाचून यहुदी धर्माबद्दल निकाल द्यायचे, म्हणजे बांधाच्या भांडणात एकाच भावाचं ऐकून पंचांनी उठून जावं तसं.

आणि त्या ग्रंथांत निघालं काय? मिश्ना म्हणून रब्बींचा संग्रह आहे, साधारण इ.स. 200 च्या सुमाराचा. त्यात सरळ म्हटलंय की सगळ्या इस्राएलाला येणाऱ्या जगात वाटा आहे. मग कोणाला नाही त्याची यादी येते, पण सुरुवात वाट्यापासून, हिशोबापासून नाही. त्याच मिश्नात प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल लिहिलंय की देवाविरुद्धच्या पापाची त्या दिवशी क्षमा होते, पण शेजाऱ्याचं काही बिघडवलं असेल तर आधी त्याची समजूत काढा, तोवर नाही. सांगा बरं, हे कर्मं तोलून स्वर्ग विकत घेणं वाटतं का? सँडर्सचं म्हणणं असं की यहुद्यांच्या लेखी देवाने आधी कृपेनं निवडलं, करार केला, आणि नियमशास्त्र पाळायचं ते त्या करारात शिरण्यासाठी नाही तर टिकून राहण्यासाठी, चुकलं तर पश्चात्तापाची वाट आहेच.

हे पहिल्यांदा त्यांनीच म्हटलं असं नाही हं. जॉर्ज फूट मूर या अमेरिकन प्राध्यापकाने 1921 मध्येच ख्रिस्ती लेखकांना या बाबतीत चांगलं सुनावलं होतं, पण पौलाच्या अभ्यासकांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. सँडर्सनी ग्रंथामागून ग्रंथ पुढे ठेवला, त्यामुळे दुर्लक्ष करायची सोयच उरली नाही.

आता प्रभाव कसा दिसतो ते पाहा. 1982 मध्ये जेम्स डन या ब्रिटिश अभ्यासकाने मँचेस्टरला व्याख्यान दिलं, त्यातून पौलाकडे नव्याने पाहणारा ‘न्यू पर्स्पेक्टिव्ह’ नावाचा अख्खा प्रवाहच उभा राहिला. गंमत म्हणजे डन यांना सँडर्सनी मांडलेला यहुदी धर्म पटला, पण त्यांनी लावलेला पौलाचा अर्थ पटला नाही! जेकब न्यूस्नर या ज्यू विद्वानाने तर पद्धतीवरच कडक टीका केली. विरोधकांनी 2001 आणि 2004 मध्ये दोन जाड खंड काढले, आणि 2015 मध्ये जॉन बार्कले यांनी कृपा म्हटलं तरी प्रत्येक ग्रंथात तिचा अर्थ सारखा नाही हे दाखवलं, जे मला स्वतःला पटतं, सँडर्सनी सगळ्यांना जरा एकाच मापात बसवलं होतं. पण चाळीस वर्षांनीही लोक त्यांच्याशीच वाद घालताहेत, एवढा प्रभाव शंभर पेपरांनी मिळेलच असं नाही.

आपल्या यवतमाळातच 1983 पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. म्हणजे हे पुस्तक निघालं तेव्हा धर्मशास्त्र शिकणारी पोरं तुमच्याच जिल्ह्यात राहत होती, तेव्हा हा विषय आपल्यासाठी लांबचा आहे असं मुळीच समजू नका.

पाळकसाहेबांशी भांडू नका, ते जे बोलले ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलंय, पोराला घेऊन त्यांच्याकडे जा आणि पौलाचं रोमकरांस पत्र समोर ठेवून शांतपणे बोला. पोराला म्हणा आधी सँडर्सचं 1993 चं ‘द हिस्टॉरिकल फिगर ऑफ जीझस’ वाच, ते सामान्य वाचकासाठी लिहिलंय. आणि 1977 चं हातात आलं तर थेट पौलावर उडी मारू नको, रब्बींची पानं कंटाळवाणी वाटली तरी तिथूनच सुरू कर.