चालू व्हीएमला कार्ड लावताना ‘स्लॉट नाही’ म्हणतंय?

तुमच्या दोन तक्रारी आहेत. केव्हीएमवरच्या (लिनक्सवर व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवायची सोय) चालू उबुंटूला जादा नेटवर्क कार्ड लावलं, ते लागलं पण आयपी नाही, आणि दुसरं लावायला गेलात तर ‘नो मोअर अव्हेलेबल पीसीआय स्लॉट्स’. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही बरं का, त्यामुळं ड्रायव्हर उगाच चिवडू नका.

आधी स्लॉटचं. तुमची व्हीएम क्यू३५ आहे, म्हणजे नवीन प्रकारच्या आभासी मदरबोर्डची. त्यात चालू मशीनला कार्ड थेट मुख्य बसवर लावता येत नाही, रिकामा पीसीआयई रूट पोर्ट (कार्ड लावायची आभासी खाच) लागतो, आणि एका पोर्टात एकच कार्ड. तुमचा मोकळा पोर्ट पहिल्या कार्डानं खाल्ला. ‘व्हर्श एडिट’ (व्हीएमची सेटिंग बदलायची कमांड) करून कंट्रोलरमध्ये चार-पाच रूट पोर्ट वाढवून ठेवा, नंतर कटकट नको. पण ते चालू व्हीएमला लागू होत नाही, आणि आतून रीबूट मारूनही होत नाही कारण क्यूएमयूची (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) प्रोसेस तीच राहते. पूर्ण शटडाऊन, मग स्टार्ट. हे मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात शिकलो, बिलिंगची व्हीएम, मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेले, आणि मी आपला आतून रीबूटवर रीबूट मारतोय! जुन्या आय४४०एफएक्स प्रकारच्या व्हीएममध्ये एकाच बसवर ३२ स्लॉट, तिथं ही अडचण सहसा येत नाही.

आता आयपी. उबुंटूच्या आत ‘एलएसपीसीआय’ मारा, जोडलेल्या कार्डांची यादी येते. त्यात व्हर्टआयओचं (व्हीएमसाठीचं आभासी) दुसरं कार्ड दिसलं की होस्टचं, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मशीनचं, काम झालं, पुढचं सगळं उबुंटूचं. ‘आयपी लिंक’मध्ये नवीन नाव असेल आणि पुढं डाऊन, कारण नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाईलमध्ये फक्त जुन्या कार्डाचं नाव आहे. नवीन नाव घाला, डीएचसीपी (आपोआप आयपी मिळणं) ट्रू करा, ‘नेटप्लॅन अप्लाय’, बास. उबुंटूला व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधीपासून येतो, विंडोजमध्ये मात्र ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

अजून एक, कार्ड लावायच्या कमांडला ‘लाइव्ह’ (आत्ताच्या चालू व्हीएमसाठी) सोबत ‘कॉन्फिग’ (कायमच्या सेटिंगसाठी) पण द्या, नाहीतर व्हीएम बंद करून चालू केली की कार्ड गायब.

आणि काढताना घाई नको. डिटॅच म्हणजे होस्टनं केलेली नुसती विनंती असते, आतल्या ओएसनं कार्ड सोडलं तरच पोर्ट मोकळा होतो, व्हीएम ग्रबवर, म्हणजे उबुंटू सुरू होण्याआधीच्या मेनूवर, अडकली असेल तर ते तसंच लटकून राहतं. दोन कार्डं असतील तर कुठलं काढायचं ते कळायला मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) द्यावाच लागतो.

एलएसपीसीआयमध्ये कार्डच दिसलं नाही तर ‘डीमेसेज’च्या (उबुंटूच्या कर्नलच्या नोंदींच्या) शेवटच्या वीसेक ओळी इथं टाका, बघतो.