दादाच्या रक्तातून औषध होईल का?

प्रश्न : माझा मोठा भाऊ चौदा वर्षांपासून एचआयव्हीसह जगतोय. सरकारी एआरटी केंद्रातून गोळ्या चालू आहेत, तब्येत चांगली आहे, शेती बघतो. बाधित माणसांच्या रक्तातल्या अँटीबॉडीपासून एचआयव्हीवर औषध तयार करतात, असं त्याच्या वाचनात आलं. त्याच्या रक्ताचा तसा उपयोग होईल का? आणि अंगात अँटीबॉडी आहेतच, तर गोळ्या थांबवल्या तर चालेल का, असं तो विचारतो. (वाळवा तालुक्यातून, नाव देऊ नये.)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. गोळ्या एक दिवसही थांबवायच्या नाहीत. दादांना एवढं वाक्य आजच वाचून दाखवा, बाकीचं सावकाश वाचा.

अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर घडवतं ती प्रथिनं, प्रत्येक बाधिताच्या अंगात असतात. एचआयव्हीच्या नेहमीच्या तपासणीत त्याच तर शोधतात. पण त्यातल्या बहुतेक विषाणूला नुसत्या चिकटतात, त्याला पेशीत शिरण्यापासून रोखत नाहीत. ज्या रोखतात, त्यांना विषाणू रूप बदलून चकवतो. शरीर नवी अँटीबॉडी घडवतं, तोवर तो पुन्हा बदललेला असतो. ही शर्यत वर्षानुवर्षं चालते आणि मोजक्याच लोकांमध्ये अशी एखादी अँटीबॉडी तयार होते, जी जगभरातल्या नाना तऱ्हेच्या एचआयव्हीला अडवू शकते. मन हेलावतं ते पुढच्या गोष्टीनं. ज्याच्या अंगात ती तयार होते, त्याचा स्वतःचा विषाणू बहुधा तिलाही चकवून पुढे गेलेला असतो. म्हणजे तिचा उपयोग व्हायचा तो दुसऱ्यांनाच.

अमेरिकेत एका दात्याची नोंद ‘डोनर 45’ अशी आहे. 2010 साली त्यांच्या रक्तातल्या सुमारे अडीच कोटी पेशी चाळून संशोधकांनी नेमक्या 29 बी-पेशी, म्हणजे अँटीबॉडी घडवणाऱ्या पेशी, वेगळ्या काढल्या. त्यासाठी एचआयव्हीच्या कवचाचा एक तुकडा मुद्दाम असा घडवला होता, की हव्या त्या पेशींनीच त्याला धरावं. 29 पैकी 12 पेशींमधून अँटीबॉडीच्या जड आणि हलक्या साखळीची जनुकं जोडीनं मिळाली आणि त्यातूनच व्हीआरसी01 ही अँटीबॉडी हाती आली. प्रयोगशाळेत तिनं सुमारे 90 टक्के प्रकारचे विषाणू अडवले. एकाच पेशीची जनुकं घेऊन केलेली, सगळी एकसारखी, म्हणून तिला मोनोक्लोनल म्हणायचं. एकदा जनुकं हाती आली की दात्याच्या रक्ताची गरज उरत नाही. ती दुसऱ्या पेशींमध्ये घालायची आणि त्या पेशी वाढवायच्या. पाच-सहा दिवसांत अँटीबॉडी त्या पेशींभोवतीच्या द्रवात उतरते.

आता दादांच्या गोळ्यांशी थेट जोडलेली एक गोष्ट सांगते. मी पुण्यात या कामात वीसेक वर्षं होते. कुणाच्या रक्तात दमदार अँटीबॉडी आहे हे शोधताना आम्ही अशा पेशी वापरायचो, ज्यांच्यात काजव्याच्या उजेडाचं जनुक घातलेलं असतं. विषाणू आत शिरला की पेशीत उजेड होतो, अडला की अंधार. एका बाईंच्या प्लाझ्मानं, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्तातल्या द्रवानं, अंधार केला. शंभर पट पातळ केला तरी अंधारच. मी धावत वरिष्ठांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “कंट्रोल बघितलास?”

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी लावलेला विषाणू. त्याचा आतला गाभा एचआयव्हीचा आणि वरचं कवच उंदरांच्या एका वेगळ्याच विषाणूचं. एचआयव्हीच्या कवचावरच्या अँटीबॉडीनं त्याला हात लावायचं कारणच नाही. मी बघितलं, तर तिथेही अंधार होता. अडवणारी अँटीबॉडी नव्हतीच, बाईंच्या गोळ्यांमधलं औषध रक्तात होतं आणि ते गाभ्यावर काम करत होतं.

मग आम्ही त्या प्लाझ्मातून अँटीबॉडी वेगळ्या केल्या. करंगळीएवढी प्लॅस्टिकची नळी असते, तळाशी पांढऱ्या बारीक मण्यांचा थर. मण्यांवर प्रोटीन-ए बसवलेलं असतं. हे प्रथिन मूळचं गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जीवाणूचं, आणि आयजीजी जातीच्या बहुतेक अँटीबॉडींच्या देठाला ते घट्ट धरतं. प्लाझ्मा वरून सोडला की अँटीबॉडी मण्यांना अडकते. मग बफर, म्हणजे पीएच स्थिर राखणारं द्रावण, ओतत राहायचं. औषध, साखर, बाकीची प्रथिनं खालून वाहून जातात. शेवटी तीनच्या आसपास पीएचचा आम्लधर्मी बफर सोडायचा, की मण्यांची पकड सुटून अँटीबॉडी थेंबाथेंबानं खाली उतरते. खालच्या प्रत्येक ट्यूबमध्ये ट्रिस बफर आधीच घालून ठेवलेलं असावं लागतं, म्हणजे आम्ल तिथल्या तिथे मरतं. लिंबू पिळल्यावर दूध नासतं, तशी अँटीबॉडीही आम्लात फार वेळ राहिली तर नासते. तिच्या गुठळ्या होतात, ट्यूब गढूळ दिसते.

शुद्ध केलेल्या अँटीबॉडी परत लावल्या, तर सगळीकडे लख्ख उजेड. त्या बाईंच्या अँटीबॉडीत विषाणू अडवण्याची ताकद नव्हती. मला फार वाईट वाटलं, पण त्या आठवड्यात शुद्धीकरण केलं नसतं तर आम्ही कित्येक महिने एका खोट्या आशेमागे गेलो असतो.

अशा अँटीबॉडी औषध म्हणून कितपत चालतात? व्हीआरसी01ची मोठी परीक्षा आफ्रिका, अमेरिका खंड आणि युरोपात झाली. 4,600हून जास्त निरोगी लोक, दर आठ आठवड्यांनी शिरेतून एक डोस, असे दहा. 2021मध्ये निकाल आला, तो एकंदरीत निराशेचा होता. लागण थांबली नाही. पण जे विषाणू या अँटीबॉडीला चटकन बळी पडतात, त्यांची लागण 75 टक्क्यांनी कमी झाली होती. असे विषाणू होते मात्र तिथल्या विषाणूंपैकी सुमारे 30 टक्केच. म्हणून आता दोन-तीन अँटीबॉडी एकत्र देण्याचे प्रयोग होतात. आपल्या देशात बहुतांश एचआयव्ही ‘सी’ उपप्रकाराचा आहे, त्यामुळे इथल्या माणसांच्या रक्ताचा अभ्यास इथेच व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दादांचं रक्त उपयोगी पडेल का, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. संशोधन संस्थेनं विचारलं, तर मराठीत छापलेलं संमतिपत्र मागा, नीतिसमितीची मंजुरी आहे का ते विचारा, आणि नाव गुप्त राहील याची खात्री करून मगच हो म्हणा. “तुमच्याच रक्तातून तुम्हाला औषध करून देतो” असं सांगून कुणी पैसे मागितले, तर दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : मी एम.एस्सी.ला आहे. 293 पेशींमधून (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) एचआयव्हीवरची एक अँटीबॉडी तयार करून प्रोटीन-ए कॉलमवर शुद्ध केली. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर 50 आणि 25 किलोडाल्टनला, म्हणजे अँटीबॉडीच्या जड आणि हलक्या साखळीच्या जागी, स्वच्छ पट्टे आले. पण कंट्रोल म्हणून लावलेली, एचआयव्हीशी संबंध नसलेली विकतची अँटीबॉडीही विषाणू अडवताना दिसते. कुठे चुकतंय? (नांदेड)

उत्तर : त्या विकतच्या बाटलीवरचं लेबल नीट वाच. टिकावी म्हणून त्यात सोडियम अझाइड घातलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अझाइडनं पेशी मरतात, मेलेल्या पेशी उजेड देत नाहीत, आणि आपल्याला वाटतं विषाणू अडला. जेलवर अझाइड दिसत नाही. जीवाणूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन हे विषही दिसत नाही. रक्तातल्या पेशींवर चाचणी करशील तेव्हा त्याला जप. त्याच्यामुळे पेशी अशी रसायनं सोडतात, जी पेशीवरचं सीसीआर5 हे विषाणूच्या शिरकावाचं दार अडवून बसतात. आणि वाढीच्या द्रवात गाईचं सीरम वापरलं असशील, तर गाईची आयजीजीही प्रोटीन-एला चिकटते आणि अगदी त्याच दोन जागी पट्टे देते. पट्टे स्वच्छ आहेत एवढ्यावर थांबू नकोस.

कंट्रोल अँटीबॉडीचं पीबीएसमध्ये (पेशींना न बाधणारं खारं बफर) 4 अंशांवर डायलिसिस कर, म्हणजे अझाइड पडद्यातून बाहेर निघून जाईल. पीबीएस तीनदा बदल. पुन्हा चाचणी लावताना एका ओळीत अँटीबॉडीशिवाय नुसतं शेवटचं पीबीएस लाव, आणि उजेड मोजायच्या आधी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघ. त्या ओळीत पूर्ण उजेड आला, की आकडे मला पाठव.