पुनरुत्थानावर विश्वास असताना रडू का येते?

प्रश्न : माझे पती गेल्या वर्षी प्रभुवासी झाले. यंदा ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरस्थानात उपासनेसाठी जमली, तेव्हा मला रडू आवरले नाही. शेजारच्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, ‘पुनरुत्थानावर विश्वास आहे ना, मग रडायचे कशाला?’ दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच शिलाई मशीन, तेच कर्जाचे हप्ते आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. या सगळ्यात पुनरुत्थानाचा अर्थ मी काय घ्यावा? आणि माझा लहान मुलगा विचारतो, ‘पप्पा कधी उठणार?’ त्याला काय सांगू?
— एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या रडण्यात अविश्वास नाही, हे आधी स्पष्टपणे सांगतो. बेथानी गावात आपला मरण पावलेला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना प्रभू येशू रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे. थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार आहोत, हे त्याला ठाऊक होते. ‘पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे’ असे तो लाजराची बहीण मार्था हिला नुकतेच सांगून आला होता आणि तरीही तो रडला. ग्रीसमधील थेस्सलनीका येथील मंडळीला प्रेषित पौलाने इ. स. 50च्या सुमारास लिहिले, तेव्हा तिथेही घरोघरी हेच दुःख होते. आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका, एवढेच त्याने सांगितले. शोकच करू नका, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. त्या बाईंचा हेतू चांगला असेल, परंतु त्यांचे बोलणे शास्त्राला धरून नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ईस्टर हा सुट्टीचा, नव्या कपड्यांचा आणि गोडधोडाचा दिवस झाल्यामुळे कामाच्या दिवसांशी त्याचा संबंध नाही, अशी आपली समजूत झाली आहे. पहिल्या ख्रिस्ती लोकांना मात्र रविवारची सुट्टीच नव्हती. रोमन साम्राज्यात ती सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. 321मध्ये दिली. त्यापूर्वी इ. स. 112च्या सुमारास बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातील रोमन प्रांताचा) सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानाला कळवतो की, हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. त्यांच्यात दासीही होत्या. अशा दोघी सेविकांचा छळ करून आपण चौकशी केली, असे तो स्वतःच लिहितो. उठलेल्या प्रभूची स्तुती करून ती माणसे दिवस उगवताच आपापल्या कामाला लागत असतील. तुमची सोमवारची सकाळ त्यांना परकी वाटली नसती.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आपण दफनविधीच्या वेळी नेहमी ऐकतो. मरणा, तुझी नांगी कोठे, असे विचारणारा पौल त्या अध्यायाच्या शेवटी सांगतो की, प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच, सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, तो यरुशलेमेतील गरजू भावंडांसाठी वर्गणी कशी बाजूला ठेवावी याची व्यवस्था लावून देतो. दफनाच्या वेळी आपण पंधराव्या अध्यायाशीच थांबतो, याची मला खंत वाटते. ज्या मंडळीने तुमच्याबरोबर ईस्टरची गीते गायिली, तिने तुमच्या हप्त्यांचीही विचारपूस करायला हवी; यरुशलेमेतील मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटणीची आबाळ झाली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात जणांची नेमणूक केली होती. आपल्या पाळकसाहेबांकडे ही गोष्ट मोकळेपणाने काढा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

सासूबाईंविषयी सांगायचे, तर आपण विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत एकत्र म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, ‘शरीराचे पुनरुत्थान’ म्हणतो. देव केवळ आत्मा सोडवून नेत नाही, तर शरीरालाही टाकाऊ मानत नाही, अशी त्याची कबुली आपण देतो. प्रभूच्या उठलेल्या शरीरावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या आणि त्याने त्या शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवल्या. त्याच शरीराने त्याने तिबिर्याच्या समुद्रकाठी कोळशांचा विस्तव केला आणि रात्रभर राबून थकलेल्या शिष्यांना ‘या, न्याहारी करा’ म्हणून बोलावले. तेव्हा त्या म्हातारीचे अंग पुसणे, शय्याव्रण होऊ नयेत म्हणून तिला कुशीवर वळवणे, तिला पेज भरवणे, हे सारे ज्या शरीराला देव उठवणार आहे त्याचीच सेवा आहे. अर्थात, त्याने तुमची कंबर दुखायची थांबणार नाही, आणि एखाद्या रात्री तुम्ही चिडलात तर तो विश्वासघात ठरत नाही.

मुलाला खरे तेच सांगा. पप्पा झोपले आहेत असे म्हणू नका. लहान मुले ते शब्दशः घेतात आणि मग झोपायला भितात. पप्पा मरण पावले, ते प्रभूजवळ आहेत आणि प्रभू येईल तेव्हा त्यांना उठवील, असे सांगा. कधी, हे आपल्याला कळवलेले नाही. तो दिवस केवळ पित्याला ठाऊक आहे, असे प्रभूनेच म्हटले आहे. ‘तेव्हा ते कसे दिसतील?’ असे त्याने विचारले, तर पौलाने दिलेला दाखला त्याला सहज समजेल : गव्हाचा दाणा पेरला जातो आणि उगवते ते हिरवे रोप, पण असते ते गव्हाचेच. पुढच्या ईस्टरला त्यालाही कबरस्थानात बरोबर न्या, आणि रडू आले तर त्याच्यासमोर रडा.