आवाज वाढवला की रिसीव्हर बंद का पडतो?

प्रश्न : ५.१ चा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठीचा अ‍ॅम्प्लिफायर) सेकंडहँड घेतला. त्याला जुन्या होम थिएटर सेटचे चार छोटे स्पीकर आणि एक नवा सेंटर स्पीकर जोडलाय. आवाज निम्म्याच्या वर नेला की ‘टक्’ होऊन रिसीव्हर बंद पडतो. दुकानदार म्हणतो, मशीन गेलं. जुन्या सेटचा सबवूफरही याला चालेल का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : मशीन गेलंच असेल असं नाही. तो ‘टक्’ आतल्या प्रोटेक्शन रिलेचा, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या स्विचचा. जास्त करंट ओढला गेला की तो स्पीकरची जोडणी तोडतो आणि मशीन वाचवतो. आधी प्लग काढा आणि बॅटरीच्या उजेडात मागची टर्मिनलं एकेक करून बघा. मल्टिस्ट्रँड वायरचा केसाएवढा एक धागा शेजारच्या टर्मिनलला किंवा पत्र्याला टेकला तरी एवढं होतं. वायर १० ते १२ मिलिमीटर सोला, घट्ट पीळ द्या, भोकात पूर्ण आत घाला आणि नट आवळा. बाहेर तांबं दिसता कामा नये. टोकाला सोल्डर लावायचा मोह टाळा. सोल्डर मऊ असतं, नटाखाली हळूहळू दबतं आणि काही महिन्यांनी जोड सैल पडतो. हात बसलेला नसेल तर ४ मिलिमीटरचे बनाना प्लग घ्या.

एवढं करूनही बंद पडला तर जुन्या स्पीकरांच्या मागचं स्टिकर वाचा. आमचा खरा संशय तिथेच आहे. तयार सेटचे स्पीकर बऱ्याचदा ३ किंवा ४ ओहमचे असतात (ओहम म्हणजे करंटला होणारा रोध), आणि रिसीव्हरच्या पाठीवर बहुधा किमान ६ ओहम छापलेलं असतं. ६ च्या जागी ३ आला की त्याच आवाजाला करंट दुप्पट. आता सगळे स्पीकर काढून फक्त सेंटर जोडा, आवाज चढवा, मग एकेक वाढवत जा. ज्याच्यावर बंद पडेल तो दोषी. एकही स्पीकर जोडलेला नसताना बंद पडला, तर मात्र दुकानदार खरं बोलतोय. मल्टिमीटर असेल तर वायर रिसीव्हरमधून काढून मोजा : ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो. शून्याच्या आसपास आकडा आला तर वायरीत किंवा स्पीकरमध्येच शॉर्ट आहे.

सबवूफरचं उत्तर ‘नाही’. तयार सेटच्या सबवूफरला बहुधा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो, आणि रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून फक्त सिग्नल येतो, ताकद नाही. स्वतःचा मेन प्लग असलेला सबवूफरच घ्या.

प्रश्न : दोन्ही फ्रंट स्पीकर वाजतात, पण बास गायब. गाणारा मध्ये उभा न वाटता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. — एक वाचक, पंचवटी

उत्तर : एका स्पीकरची लाल-काळी उलटी झाली आहे. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि बास एकमेकांना खाऊन टाकतो. वायरीच्या एका बाजूला रेघ, छपाई किंवा उभा कंगोरा असतो. ती बाजू दोन्ही टोकांना लालवरच लावा. भिंतीआड गेलेली वायर ओळखू येत नसेल तर तिचं टोक रिसीव्हरमधून काढा आणि १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला, तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार लालची. जाळी काढून वूफरकडे बघा. हालचाल अगदी थोडी, पण डोळ्याला दिसते. कॅलिब्रेशनचा (रिसीव्हरने स्पीकरांचा आवाज आपोआप जुळवण्याचा) माइक कधीकधी जोडणी बरोबर असतानाही ‘फेज’ची, म्हणजे लाल-काळी उलटी असल्याची, तक्रार करतो. वायर तपासलेली असेल तर ती सोडून द्या.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये फर्निचर सुरू होतंय. इलेक्ट्रिशियन म्हणतो, मागच्या स्पीकरची वायर लाइटच्याच पाइपातून काढू. — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : काढू देऊ नका. स्पीकर वायरचं इन्सुलेशन २३० व्होल्टच्या सोबतीसाठी केलेलं नसतं. वेगळा पाइप टाका. ८ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत दीड एमएम (चौरस मिलिमीटर) वायर पुरते. ४ ओहमचा असेल तर ७-८ मीटरच्या पुढे अडीच. घेताना टोक ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, परत करा. त्याचा रोध जास्त, आणि दोन-चारदा वाकवलं की तुटतं. मागचे स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात नकोत. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, बसल्यावर कान येतो त्याच्या थोडं वर पॉइंट काढा. दोन्ही टोकांना मीटरभर वायर जास्तीची ठेवा आणि पाइपात नायलॉनची एक दोरी सोडून द्या, पुढे सबवूफरची केबल ओढायला ती लागेल.